शेश्टिनने न दिलेलं मत

ईरा, कबीर, तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, इंग्लंडमध्ये काय काय पाहिलंस?" आणि मी "सावकाश लिहीन" म्हणून फोन ठेवला. आता नागपूरला परत येऊन पंधरवडा झाला, बॅगा माळ्यावर गेल्या, घसा बरा झाला, तेव्हा लिहायला बसले आहे. विमानाचं काही लिहीत नाही. विमानात माणूस बसतो, जेवतो आणि पाय सुजवून घेतो, याहून जास्त काही घडत नाही. राजवाडे आणि मनोरे तुम्हाला पर्थमध्ये बसून माझ्यापेक्षा चांगले दिसतात. मी तुम्हाला एका बाईबद्दल सांगणार आहे. ती स्वीडनच्या संसदेत खासदार होती, आता ब्रिस्टलमध्ये तुमच्या मधुराआत्याच्या शेजारी राहते, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर बालवर्गात बसून मराठी शिकते.

ब्रिस्टल, पहिला शनिवार

मधुराआत्याचं घर उतारावर आहे. ब्रिस्टलमध्ये बहुतेक सगळं उतारावरच आहे. दुकानाकडे जाताना पाय आपोआप पळतात आणि भाजी घेऊन परत येताना देव आठवतो. घरं मात्र गोड दिसतात, एक पिवळं, एक निळं, एक पेरूच्या आतल्या रंगाचं.

शेजारच्या दारावर इंग्रजी अक्षरांत नाव होतं. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, म्हणून मोठ्या आवाजात वाचलं, "कर्स्टिन." अन्वी खदखदून हसली. "आजी, चुकली तू! शेश्टिन! तिच्याकडे के म्हणजे श असतो."

"कधीपासून?"

"ऑलवेज!"

तुमची आतेबहीण अन्वी आता नऊ वर्षांची आहे. मराठी बोलते, पण "माझा पुस्तक" आणि "मोठा खिडकी" अशी. तिच्यासारख्या मुलांसाठी मधुराने दर शनिवारी मराठीचा वर्ग सुरू केला आहे, कोपऱ्यावरच्या कम्युनिटी हॉलमध्ये. आठवडाभर एअरोस्पेस कंपनीत इंजिनीअर आणि शनिवारी मास्तरीण. एरवी "वीकेंडला मला झोपू द्या" म्हणणारी ही मुलगी शनिवारी सर्वांच्या आधी उठते.

मी वर्ग पाहायला गेले. मुलं जमिनीवर पसरली होती आणि त्यांच्यात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई मांडी घालण्याचा प्रयत्न करत होती. एक गुडघा ऐकत होता, दुसरा नव्हता. मला पाहून तिने शेजारची जागा थोपटली आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "ये. तू बस. तू म्हातारी आहेस."

मधुराने कपाळावर हात मारला. "आई, सॉरी! ती हे सगळं अन्वीकडून शिकलीय."

मी बसले, कारण खरंच दमले होते. मग इंग्रजीत तिला समजावलं की मराठीत वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसांना "तुम्ही" म्हणतात. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि सांगितलं की त्यांच्याकडेही असं होतं. ती तरुण असताना साऱ्या देशाने ते सोडून दिलं. डॉक्टर, शिक्षक, पंतप्रधान, सगळ्यांना "तू". राजघराणं तेवढं वगळून.

"मग पंतप्रधानांना तू काय म्हणायचीस?"

"तू. आणि बऱ्याचदा, तू चुकतो आहेस."

म्हणून मीही तिला इथे "ती"च लिहिते आहे. "त्या" लिहिलेलं तिला आवडणार नाही.

मराठी शिकण्याचं कारणही तिने सांगितलं. कुंपणापलीकडून अन्वी आणि मधुरा रोज मोठ्याने बोलत असतात, आणि त्यात आपलं नाव येतं एवढंच कळतं. "काय बोलतात ते कळायला नको?"

वर्गानंतर तिने घरी नेऊन कॉफी पाजली आणि वळ्यावळ्यांचा पाव दिला. तोंडात घातला आणि मी थांबले. वेलदोडा! तोही आपण श्रीखंडात घालतो तशी पूड करून नाही, जाडसर कुटून. बर्फाच्या देशात रोजच्या पावात वेलदोडा कुणी नेला असेल, कोण जाणे. तिच्याकडे कॉफी म्हणजे सगळ्यांनी टेबलाशी बसून, कामाचं काही न काढता प्यायची. आपल्याकडे चहा उभ्याने, बोलता बोलता होतो. मला बसून प्यायचं आवडलं.

लंडन

मंगळवारी आम्ही दोघी ट्रेनने लंडनला गेलो. मला तिथली संसद पाहायची होती आणि मधुराला सुट्टी नव्हती. शेश्टिन म्हणाली, "मी नेते. मला दुसऱ्यांची दुकानं बघायला आवडतात."

दारातच घोटाळा झाला. पर्समध्ये माझा पितळी अडकित्ता होता. जेवणानंतर सुपारीचं एक खांड लागतं, हे तुमच्या बाबांना माहीत आहे. मशीनवरच्या साहेबाने तो दोन बोटांत धरून वर केला. "मॅडम, हे काय आहे?" माझं बी.ए.चं इंग्रजी तिथे आटलं. शेश्टिन पुढे झाली आणि गंभीरपणे म्हणाली, "हा सुपारी कापतो. खासदार कापत नाही." तो हसला, पण अडकित्ता त्याने काउंटरवर ठेवून घेतला आणि जाताना परत दिला.

आतलं सभागृह टीव्हीवर दिसतं त्याहून लहान आहे. हिरवे बाक समोरासमोर, मध्ये मोकळी पट्टी, जमिनीवर दोन रेघा. दोन्हीकडच्या माणसांच्या तलवारी एकमेकांना लागू नयेत इतकं अंतर म्हणे. शेश्टिन बराच वेळ बघत राहिली.

"आमच्याकडे अर्धगोल आहे," ती म्हणाली. "आणि आम्ही पक्षाप्रमाणे बसत नाही. जिल्ह्याप्रमाणे बसतो."

मला आधी कळलंच नाही. तिने समजावलं. एका भागातून निवडून आलेले सगळे, कुठल्याही पक्षाचे असोत, शेजारी शेजारी बसतात. तिच्या डावीकडे, तिच्या प्रत्येक भाषणावर टीका करणारा विरोधी पक्षाचा एक शेतकरी होता. वर्षानुवर्षं तोच शेजार. त्याला कुठल्या गोळीने खोकला थांबतो, हे तिला पाठ झालं होतं.

परतीच्या ट्रेनमध्ये अंड्याचं सँडविच खाता खाता तिने तिची गोष्ट सांगितली. वडील रेल्वेत सिग्नलवर होते, दूर उत्तरेत, हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो अशा गावात. ती शाळेत व्यायाम शिकवायची. गावच्या कौन्सिलवर निवडून आली, कारण शाळेपुढच्या रस्त्यावर बर्फ साचायचा आणि ती रोज तक्रार करायची. लोक कंटाळून म्हणाले, मग तूच बस तिथे. पुढे संसदेच्या निवडणुकीत तिचं नाव यादीत खाली होतं, ती निवडून आली नाही. तरी सहा महिन्यांनी बोलावणं आलं. निवडून आलेला खासदार बाळाला सांभाळायला रजेवर गेला होता.

"खासदारीणबाई?"

"नाही, बाप. बाळाचा बाप. आमच्याकडे रजा घेतली की यादीतला पुढचा माणूस त्याच्या जागी बसतो. मी बसले. बाळ चालायला लागेपर्यंत."

पुढच्या वेळी लोकांनी तिला तिच्या स्वतःच्या नावावर निवडून दिलं, आणि मग पुनःपुन्हा. मंत्री कधी झाली नाही. रस्ते, रेल्वे, होड्या यांच्या समितीवर काम केलं. मला वाटलं, मंत्रिपद न मिळाल्याची थोडी तरी खंत ऐकू येईल. आली नाही. तिला अभिमान होता तो वेगळ्याच कामाचा.

त्या कामाला स्वीडिश नाव आहे, "क्विटनिंग". एका बाजूचा खासदार आजारी पडला किंवा कुणाच्या घरी काही झालं, तर दुसऱ्या बाजूचा एकजण आपणहून मतदानापासून लांब राहतो. म्हणजे आजारपणामुळे कुणाचा विजय होत नाही आणि कुणाचा पराभव होत नाही. प्रत्येक पक्षात या जोड्या लावणारं एक माणूस असतं. तिच्या पक्षात ती होती. कायद्यात हे कुठेच नाही. फोनवर शब्द द्यायचा आणि पाळायचा.

"म्हणजे फिट्टंफाट!" मी म्हणाले.

तिला तो शब्द भयंकर आवडला. रीडिंग स्टेशन येईपर्यंत ती तो घोळवत बसली. समोरचा मुलगा कानातली बटणं काढून आमच्याकडे बघायला लागला.

"कुणी शब्द मोडला नाही कधी?" मी विचारलं.

"माझ्या वेळी नाही. पण एकदा मला फार मोडावासा वाटला." तिच्या भागात नदीवर होडीने जावं लागायचं, तिथे पूल व्हावा म्हणून ती अनेक वर्षं झगडत होती. मतदानाच्या सकाळी विरोधी बाजूच्या एकाचा फोन आला, ट्रेन बर्फात अडकली आहे, जोडी लाव. त्या दिवशी तिच्या बाजूचं दुसरं कुणी मोकळं नव्हतं. ती स्वतः बाहेर थांबली. पूल एका मताने गेला.

"अरे देवा. मग?"

"मग पुष्कळ वर्षांनी झाला. त्यांच्या सरकारने बांधला, त्यांनीच फीत कापली. मला बोलावलं नाही. मी गेले तरी. चांगला पूल आहे."

ब्रिस्टल, गुरुवार

आता तुमच्या आत्याच्या काळजीचा विषय सांगते. त्या हॉलची एक समिती आहे, नऊ जणांची. एका नर्सरीने हॉल आठवड्यातल्या सगळ्या दिवसांसाठी कायमचा मागितला होता, शनिवारसकट. नर्सरी आली की मराठीचा वर्ग बंद. आसपास दुसरी जागा नव्हती. मधुराने शाळा, चर्च, लायब्ररी सगळीकडे विचारून झालं होतं.

शुक्रवारी मतदान होतं, आणि नऊपैकी पाचजण नर्सरीच्या बाजूने होते. त्यांचा म्होरक्या ट्रेव्हर, निवृत्त बस ड्रायव्हर, तीन घरं सोडून राहतो. तो वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं, छप्पर गळतं आहे, नर्सरीच्या भाड्यातून ते दुरुस्त होईल, आणि गल्लीतल्या कामावर जाणाऱ्या आयांना मुलं ठेवायला जागा मिळेल. वर्गाच्या बाजूने चारजण होते, त्यांत शेश्टिन आणि अध्यक्षबाई. मत समसमान झालं तर अध्यक्षबाईंचं एक मत जादा.

गुरुवारी संध्याकाळी मधुरा नाचतच घरात आली. "आई, ट्रेव्हर येत नाहीये उद्या! मॉरीनच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हिपचं ऑपरेशन आहे. चार-चार होणार. वी विन!"

मी गूळपोळ्या करत होते. दार वाजलं. शेश्टिन आत आली, कोटसुद्धा न काढता म्हणाली, "मधुरा, तुला माझ्याकडूनच कळायला हवं. मी उद्या मत देणार नाही. ट्रेव्हरशी जोडी लावली आहे."

मधुरा नाचायची थांबली. "व्हॉट डू यू मीन, जोडी?"

शेश्टिनने सांगितलं. बसस्टॉपवर ट्रेव्हर भेटला होता. ऑपरेशनची तारीख फार वाट पाहून मिळाली होती, पण तो म्हणत होता, मॉरीनला टॅक्सीने एकटीला पाठवतो, मीटिंग चुकवणार नाही. तेव्हा ती म्हणाली, तू तिच्याबरोबर जा, मी पण मत देत नाही.

"तो नुसतं बोलला असेल! कोण बायकोला एकटीला पाठवतं? त्याने तुला गंडवलं!"

"शक्य आहे," शेश्टिन म्हणाली.

"हे तुझं पार्लमेंट नाहीये, शेश्टिन. गल्लीतला हॉल आहे."

"हो. इथे तर शेजारी रोज भेटतात."

"तुझं फिट्टंफाट झालं गं! आमच्या मुलांचं काय?" मधुरा हे मराठीत म्हणाली, आणि दुर्दैवाने शेश्टिनला ते आता कळत होतं. मी गूळपोळी पुढे केली. तिने ती कागदात गुंडाळून घेतली आणि गेली. इकडे तव्यावरची पोळी करपली.

हॉलच्या बाहेर

शुक्रवारी मीटिंग होती. मधुराने आत जाऊन वर्गाबद्दल बोलायचं होतं, मग बाहेर थांबायचं. मी तिच्याबरोबर गेले, तर पॅसेजमध्ये कोट अडकवायच्या खुंट्यांखाली शेश्टिन बसलेली. तिच्याकडची रीत अशी की जोडीतल्या माणसाने लपून राहायचं नाही, दिसेल असं बाहेर बसायचं. मी तिच्या शेजारी बसले.

आतून मधुराचा आवाज येत होता. ती चांगलं बोलली. मुलांना आजी-आजोबांशी बोलता यावं म्हणून हा वर्ग आहे, एवढंच सांगितलं, आणि कुठलंही मोठं भाषण केलं नाही. मग ती बाहेर येऊन समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. शेश्टिनकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने अध्यक्षबाई दारात आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "शेश्टिन, आता मतदान आहे. तुमची ही जोडी आमच्या नियमांत कुठेच नाही. आत येऊन हात वर केलास तर कुणीही हरकत घेणार नाही."

"नियमात असती तर मोडता आली असती," शेश्टिन म्हणाली. "मग दंड भरला असता."

मधुरा माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "आई, तू सांग ना तिला. तुझं ऐकेल ती. प्लीज."

मुलांनो, मी सांगितलं. माझी मुलगी माझ्यासमोर रडवेली उभी होती, आणि अन्वी "माझा पुस्तक" न म्हणता "माझं पुस्तक" म्हणायला नुकती लागली होती. मी म्हणाले, "शेश्टिन, तो हॉस्पिटलात आहे. एक हात वर करायचा. त्याला वाईट वाटेल, पण तो काही मरणार नाही."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तो आज तिथे निश्चिंत बसला आहे, कारण मी इथे बसले आहे. मी उठले तर त्याला तिथे बसवून फसवल्यासारखं होईल."

अध्यक्षबाई आत गेल्या. दार लागलं. मतदान संपायला वेळ लागला नाही. चार विरुद्ध तीन. हॉल नर्सरीला गेला.

मधुरा पुढे निघाली, भरभर, चढावर. आम्ही दोन म्हाताऱ्या मागे. पाऊस नव्हता, वारा मात्र कान कापणारा होता. बेकरीपाशी मधुरा थांबली. आम्ही पोहोचेपर्यंत तशीच पाठमोरी उभी राहिली. मग शेश्टिनच्या हातातली पिशवी ओढून घेतली, जरा रागानेच.

"किती वेळा हरलीस तू अशी?" तिने विचारलं.

"बहुतेक वेळा. मी जास्त वर्षं विरोधातच होते."

"आणि झोप लागायची?"

"डाव्या कुशीवर. उजव्या खांद्यात दुखतं."

मधुराला हसू आलं आणि ते आल्याचाच तिला राग आला. "मी अजून चिडलेय," ती म्हणाली.

"चिड. उद्या मुलांच्या आयांना काय सांगायचं, ते चिडूनही ठरवता येतं."

घरी पोहोचेपर्यंत मधुराचं ठरलं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत वर्ग भरवायचा. "दाटीवाटी होईल," ती म्हणाली. "पण होईल. आणि तू वेळेवर ये, शेश्टिन. तुझा होमवर्क राहिलाय."

ब्रिस्टल, शेवटचा शनिवार

मी निघायच्या आधीचा, मीटिंगनंतर आठवड्याने आलेला तो शनिवार. सोफा भिंतीला लावला, टीपॉय बागेत गेला. मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर, खिडकीत, रेडिएटरला चिकटून बसली होती. दोघं जेवणाच्या टेबलाखाली शिरले आणि बाहेर यायला तयार नव्हते. शेश्टिन जिन्याच्या तळाच्या पायरीवर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या बरोबर वाटेत. खूप चेंगराचेंगरी झाली. मधुरा फळ्याऐवजी फ्रिजवर लिहीत होती. तिचा आवाज चढला होता आणि मला मनातून वाटलं, हे दोन आठवड्यांच्या वर टिकणार नाही.

दार वाजलं. मधुराने उघडलं. बाहेर ट्रेव्हर उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. बुटका, लाल गालांचा, हातात घडीच्या खुर्च्या, दोन्हीकडे तीन-तीन. त्यांचं ओझं त्याला पेलत नव्हतं.

त्याने खुर्च्या सावरल्या. मग तो म्हणाला, "माझं मत आजही तेच आहे. नर्सरी व्हायला हवी होती, आणि झाली ते चांगलं झालं."

"ओके," मधुरा म्हणाली. तिचा हात दाराच्या कडीवर तसाच होता.

"अध्यक्षबाईंनी मला सांगितलं, त्या दिवशी बाहेर काय झालं ते." त्याने मधुराच्या खांद्यावरून आत बघितलं. जिन्यावर शेश्टिन होती. त्याने मान हलवली, तिनेही हलवली. एवढंच. "या माझ्या गॅरेजमधल्या आहेत. हॉलच्या नाहीत. मुलं किती वेळ खाली बसणार?"

मधुराने विचारलं, "मॉरीन कशी आहे?"

"परवा घरी आली. चालते. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते."

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तुमची आत्या लहानपणी भांडण झालं की दोन-दोन दिवस बोलायची नाही, तुमच्या बाबांना विचारा. ती ट्रेव्हरकडे बघत होती, मग खुर्च्यांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. त्याच्या हाताला कळ लागली असावी, कारण एक खुर्ची घसरून पायरीवर आपटली आणि टेबलाखालचे दोघं काय झालं ते बघायला बाहेर आले.

मधुरा खाली वाकली, ती खुर्ची उचलली, दारातून बाजूला झाली आणि आत वळून म्हणाली, "सरका रे सगळे. खुर्च्या येताहेत."